पहाटेच्या लोकलमधली गोलंदाज

बंगालमधल्या नदिया जिल्ह्यात चाकदह नावाचं गाव आहे. भगीरथ गंगेला घेऊन निघाला तेव्हा त्याच्या रथाचं चाक इथं रुतलं, मोठा खळगा पडला, त्यात पाणी साचून डोह झाला, अशी तिथली आख्यायिका. चक्राचा दह तो चाकदह. आपल्या ‘डोहा’शी या ‘दहा’चं नातं मराठी माणसाला सांगावं लागत नाही. कोलकात्याच्या सियालदह स्थानकापासून हे गाव रेल्वेने साठेक किलोमीटरवर. म्हणजे आपल्याकडे अंबरनाथ-बदलापूरहून रोज मुंबई गाठण्यासारखंच. कल्याणी, नैहाटी, बराकपूर, दमदम अशी स्टेशनं घेत लोकल सियालदहला पोचते. पहाटेच्या गाड्यांमध्ये भाजीच्या पाट्या असतात, फुलांचे भारे असतात आणि डुलक्या घेणारी नोकरदार माणसं असतात.

गेल्या शतकातली शेवटची तीन-चार वर्षं या गाडीतून एक उंच, सडपातळ मुलगी प्रवास करत असे. शाळकरी वय. पहाटे साडेचारला उठून निघालेली. सियालदहला उतरायचं, तिथून बस पकडायची आणि दक्षिण कोलकात्यातल्या विवेकानंद पार्कच्या मैदानावर साडेसातला हजर व्हायचं. उशीर झाला की प्रशिक्षक सरळ परत पाठवत. एक गाडी चुकली की त्या दिवसाचा सराव गेला. साडेनऊला सराव आटोपला की तोच प्रवास उलट्या दिशेने, आणि मग शाळा.

ही झुलन गोस्वामी. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर तिने शेवटचा सामना खेळला तेव्हा तिच्या नावावर २०४ एकदिवसीय सामन्यांत २५५ बळी होते. महिलांच्या क्रिकेटमध्ये तिच्याइतके बळी तोवर कुणीच घेतले नव्हते. पद्मश्री, अर्जुन पुरस्कार, ईडन गार्डन्सवर तिच्या नावाचा स्टँड, हे सगळं तिला मिळालं आणि त्याविषयी पुष्कळ लिहून झालं आहे. मला मात्र तिच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध फारसा खुणावत नाही. यश मिळालेल्या माणसाचे दिवस बरेचसे एकसारखे असतात. कुतूहल वाटतं ते त्याआधीच्या वर्षांचं. वर्तमानपत्रात नाव नाही, हातात पैसा नाही, पुढं काही होईल याची कुणी हमी देत नाही, आणि तरी मुलगी पहाटे साडेचारला उठते. का उठते?

तिचा जन्म २५ नोव्हेंबर १९८२ चा. लहानपणी ती फुटबॉलवेडी होती. बंगालात मुलांचा पिंड फुटबॉलवरच पोसला जातो, त्यात नवल काही नाही. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली विश्वचषक स्पर्धा दूरदर्शनच्या पडद्यावर आली आणि दहा वर्षांच्या आतल्या या मुलीला क्रिकेटने पछाडलं. ती स्पर्धा आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. रंगीत कपडे, पांढरा चेंडू, आणि पहाटे गजर लावून उठलेली घरंच्या घरं. आमच्या वाड्यात तर पहाटे चारला चहाचा पहिला आधण चढायचा. त्या पहाटे नेमकी किती मुलांच्या डोक्यात काय शिरलं याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. चाकदहमधल्या एका मुलीच्या डोक्यात वेगवान गोलंदाजी शिरली, एवढं मात्र नक्की.

पण शिरली म्हणून लगेच जमली असं नव्हे. मोठ्या एकत्र कुटुंबातली मुलगी. अंगणात चुलतभावंडांचा, गल्लीतल्या मुलांचा खेळ रंगायचा. त्यात हिला गोलंदाजी मिळत नसे. कारण? ‘तू फार हळू टाकतेस.’ हे तिनेच पुढं अनेक मुलाखतींतून हसत हसत सांगितलं आहे. मुलं तिचे चेंडू लांब भिरकावत आणि ते शोधून आणायचं कामही तिच्याकडेच. पुढं ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेग गाठणाऱ्या बाईची ही सुरुवात! गल्लीतल्या मुलांचा यात तसा दोष नाही. गल्लीक्रिकेटचा कायदा सगळीकडे सारखाच कठोर असतो. बॅट ज्याची त्याची पहिली खेळी, आणि जो मार खातो त्याला दुसरं षटक नाही. हिने तो कायदा मोडला नाही. हळू टाकते म्हणतात तर जोरात टाकून दाखवायचं, एवढाच अर्थ तिने त्यातून काढला.

घरची मंडळी विरोधात होती असं म्हणणं बरोबर होणार नाही, पण उत्साहातही नव्हती. मध्यमवर्गीय आईबापांना मुलीच्या अभ्यासाची जेवढी काळजी असते तेवढी त्यांना होती. क्रिकेट खेळून मुलीचं पुढं काय होतं, याचं उत्तर तेव्हा चाकदहमध्येच काय, मुंबईतही कुणाकडे नव्हतं. अशा वेळी मधे पडले ते प्रशिक्षक स्वपन साधू. विवेकानंद पार्कवर मुलामुलींना शिकवणारा हा माणूस शिस्तीचा कडक. या मुलीची उंची आणि हात वरून येण्याची ढब पाहून त्यांनी तिला सांगितलं की, तू गोलंदाजीवर लक्ष दे. आणि आईवडिलांचं मन वळवायलाही तेच पुढं झाले. मला नेहमी वाटतं की खेळाडूच्या चरित्रात प्रशिक्षकाने शिकवलेल्या तंत्राला जेवढी जागा मिळते, त्याच्या निम्मीही या दुसऱ्या कामाला मिळत नाही. मुलगी मैदानावर यायचीच थांबली तर मनगटाची ठेवण कुणाला शिकवणार?

त्याच वर्षी, म्हणजे डिसेंबर १९९७ मध्ये, महिलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली. अकरा देशांचे संघ आले होते. आता एक गंमत सांगते. मी तेव्हा वांद्र्यात राहत होते. घरापासून चालत दहा मिनिटांवर एम.आय.जी.चं मैदान. १६ डिसेंबरला त्या मैदानावर ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क डेन्मार्कविरुद्ध १५५ चेंडूंत नाबाद २२९ धावा करत होती. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यातलं ते पहिलं द्विशतक. बायकांमध्ये तर पहिलंच, पण पुरुषांमध्येही तोवर कुणाचं नव्हतं. सचिनचं ग्वाल्हेरचं द्विशतक व्हायला २०१० साल उजाडलं. असा विक्रम आमच्या गल्लीच्या टोकाला झाला आणि आमच्या इमारतीत एकालाही त्याची खबर नव्हती. भाजी घ्यायला गेले असते तरी टाळ्या ऐकू आल्या असत्या. पण टाळ्या वाजवायला माणसं तर हवीत!

अंतिम सामना २९ डिसेंबरला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर झाला. आपला संघ उपांत्य फेरीत दिल्लीला ऑस्ट्रेलियाकडूनच हरला होता, त्यामुळे लढत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात. सीमारेषेपलीकडे गेलेले चेंडू उचलून द्यायला स्थानिक मुली उभ्या केल्या होत्या. त्यात महिन्यापूर्वीच पंधरा पूर्ण झालेली झुलन होती. ऑस्ट्रेलियाने सामना पाच गडी राखून जिंकला आणि बेलिंडा क्लार्कच्या संघाने चषक घेऊन मैदानाला फेरी मारली. ती फेरी या मुलीने हातभर अंतरावरून पाहिली. आपणही देशासाठी खेळायचं, हे त्या दिवशी ठरलं असं ती सांगते. त्याच ऑस्ट्रेलियन संघात कॅथरिन फिट्झपॅट्रिक नावाची गोलंदाज होती. त्या काळातली जगातली सर्वांत वेगवान बाई. एकदिवसीय सामन्यांतला तिचा १८० बळींचा विक्रम मे २०१७ मध्ये मोडला, आणि तो कुणी मोडला हे वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

तर हे स्वप्न. पण स्वप्नाचा पत्ता काय होता तेही पाहायला हवं. आपल्याकडे महिलांच्या क्रिकेटची संघटना १९७३ मध्ये उभी राहिली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी आपल्या पुण्यात झाली. संघ किती, तर तीन! मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तिथून पुढची तीसेक वर्षं ही संघटना स्वतःच्या बळावर चालली. पुरुषांच्या क्रिकेट मंडळाच्या छत्राखाली ती आली ती थेट २००६ च्या अखेरीस. तोवरचा संसार कसा होता, हे डायना एडलजी, शांता रंगास्वामी यांच्या पिढीने आणि नंतर मिताली राजच्या पिढीनेही पुष्कळदा सांगितलं आहे. दुसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास, कधी आरक्षणाशिवाय, किटच्या पिशव्यांवर बसून. मुक्काम एखाद्या शाळेत किंवा वसतिगृहातल्या मोठ्या खोलीत, ओळीने गाद्या टाकून. पैसा असा नव्हताच.

अशा खेळात टिकून राहायचं तर एकच वाट होती, नोकरी. एडलजींनी पश्चिम रेल्वेत असताना महिला खेळाडूंना रेल्वेत घ्यावं म्हणून खटपट केली आणि पुढं राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या संघाची जी मक्तेदारी झाली तिचं मूळ इथं आहे. ज्या मुलीला महिन्याचा पगार आहे ती लग्नाच्या बाजारातही थोडी उशिरा उभी केली जाते, हे उघड बोललं जात नाही पण सगळ्यांना माहीत असतं. रेल्वेखालोखाल एअर इंडियाचा संघ. बंगाल आणि पूर्व विभागाकडून खेळताना झुलनची गोलंदाजी या मंडळींच्या नजरेत भरली आणि ती एअर इंडियाकडून खेळू लागली. चाकदहच्या लोकलमधून ती विमान कंपनीच्या संघात पोचली खरी. पण या नोकऱ्या नसत्या तर भारतीय संघात अकरा जणी जमवणं अवघड झालं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं मी आत्ता का आठवते आहे, तर त्याला निमित्त घरचं आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. रात्री बारा वाजून गेले तरी आमच्याकडे कुणी झोपलं नव्हतं. त्या मुलींनी तो चषक आणून झुलनच्या, मितालीच्या हातात दिला आणि झुलन लहान पोरीसारखी रडली, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यानंतर पंधरवड्याने माझ्या धाकट्या बहिणीचा तासगावहून फोन आला. तिची मुलगी, माझी भाची, नववीत आहे. उंचीने आईच्या डोक्यावर गेलेली, आणि गोलंदाजी वेगवान. आठवड्यातून तीन दिवस पहाटेची एस.टी. पकडून सांगलीला सरावाला जाते. बहीण म्हणाली, “ताई, तू सांग. पुढच्या वर्षी दहावी. चालू ठेवू की बंद करू? सगळे म्हणतात आता मुलींच्या क्रिकेटमध्ये पैसा आलाय. खरं काय?”

पैसा आला आहे, हे खरंच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने पुरुष आणि महिला खेळाडूंचं सामन्याचं मानधन सारखं केलं. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली, आणि पहिल्याच लिलावात आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. त्याच वर्षी मुलींचा पहिला एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक आपण जिंकला. अंतिम सामन्यात चार षटकांत सहा धावा देऊन दोन बळी घेणारी तितास साधू ही बंगालच्या चुंचुडाची, हुगळीकाठचीच. मध्य प्रदेशातल्या घुवारा नावाच्या लहानशा गावातून आलेली क्रांती गौड विश्वविजेत्या संघात नवा चेंडू टाकत होती. सांगलीच्या बसस्टँडवर उतरणाऱ्या मुलीला झुलनपेक्षा कितीतरी रुंद रस्ता समोर आहे, यात शंका नाही.

तरी बहिणीला मी ‘बिनधास्त चालू ठेव’ असं म्हटलं नाही. झुलन झाली म्हणून प्रत्येकीने पहाटेची गाडी पकडावी, हा हिशेब मला पटत नाही. विवेकानंद पार्कवर झुलनबरोबर आणखीही मुली होत्याच की. सीमारेषेवर चेंडू उचलायला उभ्या असलेल्या मुलींपैकीही बाकीच्या आज कुठं आहेत, आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी कष्ट कमी केले असतील असं मानायला काही आधार नाही. संघात जागा अकराच. मी तिला एवढंच विचारलं की, पोरीला काय वाटतं, आणि तुला नेमकी कशाची भीती वाटते? दहावीची, की पहाटे सव्वापाचच्या काळोखातल्या स्टँडची? फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, “स्टँडची.” दहावीचं उत्तर शिकवणीवाल्यांकडे आहे, स्टँडचं उत्तर मेहुण्यांनी काढलं. ते न बोलता पहाटे मोटारसायकल काढतात, एस.टी. हलेपर्यंत थांबतात आणि घरी येऊन परत झोपतात. सध्या असं चाललं आहे. पुढचं पुढं.

पुन्हा झुलनकडे वळते. वेगवान गोलंदाजी हा उन्हातान्हात करायचा मजुरीचाच प्रकार आहे. फलंदाजाच्या वाट्याला डौल येतो, फिरकी गोलंदाजाला हुशार म्हणतात. हा मात्र पंचवीस पावलं धावत येतो, पुढचा पाय दाणकन आपटतो, त्या दणक्याचा सगळा भार घोट्यावर, गुडघ्यावर, कमरेवर घेतो, आणि मग चालत परत जाऊन तेच पुन्हा करतो. आपल्या गोठलेल्या, धुळकट खेळपट्ट्यांवर त्याला मदतही कमी. म्हणून भारतात फिरकीची परंपरा मोठी, आणि मुलींमध्ये तर ती आणखी पक्की. एडलजी स्वतः डावखुऱ्या फिरकी गोलंदाज. झुलन आली तेव्हा ‘वेगवान’ म्हणावी अशी भारतीय मुलगी दुर्मीळ होती.

तिच्याकडे पाच फूट अकरा इंचांची उंची होती. उंच गोलंदाजाचा चेंडू वरून सुटतो, त्यामुळे टप्पा पडल्यावर तो फलंदाजाच्या अपेक्षेपेक्षा जास्त उसळतो. महिलांच्या सामन्यातला चेंडू पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका असतो. त्यांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, यांचा १४० ते १५१ ग्रॅमचा. एका बाजूची लकाकी राखली, शिवण सरळ ठेवली आणि मनगट चेंडूच्या बरोबर मागं राहिलं की तो हवेत वळतो. ऐकायला सोपं आहे. पण मनगट शंभरपैकी नव्वद वेळा तिथंच राहायला हवं, आणि ते दमल्यावरही राहायला हवं. त्यासाठीच ते साडेसात ते साडेनऊ. गंमत अशी की तिच्या नावाचा अर्थच झुला, झोका. नदिया हा चैतन्य महाप्रभूंचा मुलूख. तिकडे श्रावणात राधाकृष्णाला झोक्यावर बसवतात, त्या उत्सवाला झुलन म्हणतात. चेंडू झुलवणाऱ्या मुलीला याहून शोभेल असं नाव कुणाला ठरवूनही सुचलं नसतं.

जानेवारी २००२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला. ६ जानेवारीला चेन्नईत झुलन भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळली आणि आठवड्याभराने, १४ तारखेला, लखनौला पहिली कसोटी. वय एकोणीस. लखनौच्या त्याच कसोटीत आणखी एका मुलीने पदार्पण केलं आणि ती शून्यावर बाद झाली. ती मिताली राज! दोघींचं वय जवळपास सारखं, जन्म एकाच वर्षाचा, अवघ्या आठ दिवसांच्या अंतराने. एक बॅटने, एक चेंडूने, पुढची वीस वर्षं या दोघींनी भारतीय संघ खांद्यावर वाहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या टाँटनच्या मैदानावर मितालीने २१४ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला. त्या डावात सातव्या जोडीसाठी १५७ धावांची भागीदारी झाली. मितालीसमोर दुसऱ्या टोकाला उभी होती झुलन. गोलंदाज म्हणून निवडलेली मुलगी इतका वेळ तग धरून राहते, तेव्हा समोरच्याचा विक्रम होतो. धावफलक असल्या गोष्टी कोपऱ्यात लिहितो, म्हणून मी इथं मुद्दाम ठळक सांगते आहे.

२००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक झाला. मिताली कर्णधार. उपांत्य सामन्यात न्यूझीलंडला हरवून भारतीय मुली पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचल्या. झुलनने स्पर्धेत १३ बळी घेतले. १० एप्रिलला सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ९८ धावांनी हरवलं आणि संघ उपविजेता म्हणून परत आला. त्या स्पर्धेत सामन्यामागे हजार रुपये मिळाले होते, असं मितालीने मागे एका मुलाखतीत सांगितलं. हजार रुपये. वर दिलेल्या सहा लाखांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिला आधी खरंच वाटेना.

आणि मग २००६ चा ऑगस्ट. इंग्लंडमध्ये दोन कसोटींची मालिका. लेस्टरच्या पहिल्या कसोटीत झुलनला दिवसाच्या अखेरीस रखवालदार म्हणून फलंदाजीला पाठवलं. नाइट वॉचमनकडून अपेक्षा एवढीच की आजचा दिवस काढ, उद्याचं आम्ही पाहू. तिने अर्धशतक ठोकलं. दुसरी कसोटी पुन्हा टाँटनला. पहिल्या डावात ३३ धावांत ५ बळी, दुसऱ्या डावात ४५ धावांत ५ बळी. सामन्यात ७८ धावांत दहा. भारताने ती कसोटी पाच गडी राखून जिंकली आणि इंग्लंडच्या भूमीवर भारतीय महिलांनी पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली. झुलन तेव्हा तेवीस वर्षांची होती. दहा बळींचा हा पराक्रम जुन्या, हलाखीतल्या संघटनेच्या अखेरच्या दिवसांतला आहे. क्रिकेट मंडळाचा हात पाठीवर पडला तो त्यानंतर काही आठवड्यांनी.

दुसऱ्या वर्षी, २००७ मध्ये, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तिला वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू म्हणून गौरवलं. चाकदहचं नाव जगभर गेलं, ‘चाकदह एक्स्प्रेस’ हे बिरुद कायमचं चिकटलं. इथून पुढं एकच वाट उरते आणि ती चढत जाते, असं कुणालाही वाटेल. गोलंदाज ऐन भरात, मागे दहा बळींची कसोटी, डोक्यावर मोठ्या मंडळाचं छत्र.

प्रत्यक्षात काय झालं? टाँटननंतर भारताच्या महिला संघाला कसोटी सामनाच मिळाला नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, आठ वर्षं. एकदिवसीय सामने होत राहिले, टी-ट्वेंटी वाढले, पण पाच-पाच बळी घेऊन सामना फिरवणाऱ्या गोलंदाजाला पांढऱ्या कपड्यांत नवा लाल चेंडू काही मिळाला नाही. वेगवान गोलंदाजाच्या आयुष्यात चोवीस ते एकतीस ही वर्षं म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस. तो गेला की गेला. वीस वर्षांत मिळून ती बारा कसोट्या खेळली. बारा! त्यांतही ४४ बळी.

पुढची कसोटी ऑगस्ट २०१४ मध्ये इंग्लंडमध्येच वर्मस्लीला झाली. भारताच्या अकरा जणींपैकी आठ जणींची ती पहिलीच कसोटी होती. झुलन एकतीस वर्षांची झाली होती. आपण तो सामना सहा गडी राखून जिंकला.